ज्योतीत लपलेला चुना
(रॉबर्ट बुन्सेन : एक चरित्र)

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शाळेत विज्ञानाच्या तासाला टेबलावर एक लोखंडी नळी असे, तिला रबरी नळी जोडून सर गॅस पेटवीत आणि ते बुन्सेनचे यंत्र आहे असे सांगत. त्यापलीकडे बुन्सेन या नावाशी माझी ओळख नव्हती. तो जर्मन होता की इंग्रज, हेही मी कधी विचारले नाही. अशा विद्यार्थ्याने एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला का बसावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. म्हणून आधी तेच सांगतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांच्या गावी होतो. मामा तेथील दूध संस्थेचे सचिव. मला हिशेब लिहिता येतो म्हणून त्यांनी कीर्द-खतावणी माझ्यापुढे ठेवली. संस्थेने त्या महिन्यात जनावरांसाठी खनिज मिश्रणाची बारा पोती घेतली होती. दुभत्या म्हशीला कॅल्शियम आणि फॉस्फरस ही दोन्ही लागतात, ती या मिश्रणातून मिळतात. मालाचा नमुना तपासायला पाठवला, तर अहवालात कॅल्शियम ठरल्यापेक्षा फारच कमी आले. माल परत करण्याचे ठरले, बिल थांबले आणि परतीची नोंद माझ्याच हाताने झाली. कॅल्शियम म्हणजे चुन्यातलाच धातू. त्यामुळे व्यापाऱ्याने संस्थेला चुना लावला, असा विनोदही गावात फिरू लागला. व्यापारी लहान धंद्याचा, उधारीवर माल आणून विकणारा माणूस. त्याने वाद घातला नाही. नमुना आणखी एके ठिकाणी पाठवावा एवढीच विनंती केली. दुसऱ्या अहवालात कॅल्शियम पुरेपूर भरले!

पोते तेच, नमुना तोच आणि आकडे दोन. जमाखर्चात असे झाले तर आम्ही चूक सापडेपर्यंत झोपत नाही. वसतिगृहात परत आल्यावर ही हकीकत मी माझ्या खोलीतल्या मित्राला सांगितली. तो विज्ञान शाखेचा, घरी कानडी बोलणारा. चुन्याला आम्ही चुना म्हणतो, तो सुण्ण म्हणतो, एवढाच आमच्यात फरक. त्याने एकच विचारले, की पहिल्या ठिकाणी द्रावणात लॅन्थॅनम घातले होते का? मामांनी चौकशी केली, तेव्हा ते घालायचे राहून गेल्याचे कळले. लॅन्थॅनम म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक होते? त्याच्यामागे लागून वाचता वाचता मी जाऊन पोहोचलो तो थेट बुन्सेनपाशी.

रॉबर्ट विल्हेल्म बुन्सेन याचा जन्म १८११ सालच्या मार्चअखेरीस जर्मनीतील ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. चार भावांत तो धाकटा. वडील विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक होते आणि तेथील ग्रंथालयाचेही काम पाहत. घर विद्येचे. ग्योटिंगेनलाच शिकून विशीच्या आतबाहेर त्याने डॉक्टरची पदवी मिळवली आणि नंतर दोनतीन वर्षे पायी आणि गाडीने जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया पालथे घातले. मोठ्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळा त्याने पाहिल्याच, पण खाणी, भट्ट्या आणि कारखानेही तितक्याच आस्थेने पाहिले. पुढे जन्मभर त्याचे लक्ष पुस्तकी वादांपेक्षा भट्टीत, विहिरीत, दगडात आणि राखेत प्रत्यक्ष काय घडते याकडे राहिले. त्याची सुरुवात मला या भटकंतीत दिसते.

परत आल्यावर १८३४ साली, बर्टोल्ड नावाच्या वैद्याबरोबर त्याने पहिले मोलाचे काम केले. सोमल हे त्या काळचे नेहमीचे विष. पाण्यात ते विरघळते, रंग नाही, फारशी चव नाही. बुन्सेनने दाखवून दिले, की लोखंडाचा ताजा तयार केलेला ओला गंज पोटात दिला तर सोमल त्याला जाऊन चिकटतो, त्याचे न विरघळणारे संयुग बनते आणि ते रक्तात शिरत नाही. विष बाहेर काढता येत नसेल, तर त्याच्यापुढे असे काही ठेवावे की ते शरीराला सोडून त्यालाच धरून बसेल. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. मामांच्या बारा पोत्यांचा निकाल याच युक्तीने लागला.

१८३६ साली तो कॅसल येथे शिकवू लागला, तीन वर्षांनी मारबुर्गला गेला. या वर्षांत त्याने कॅकोडिल नावाच्या, सोमलाच्याच घराण्यातील संयुगांवर काम केले. त्यांचा वास असह्य, वाफ विषारी, आणि हवा लागताच काही पेटून उठत. प्रयोग करताना एक काचपात्र फुटले, काचेचा तुकडा लागून बुन्सेनचा उजवा डोळा कायमचा गेला. वाफेच्या विषाने तो मरणाच्या दारापर्यंतही जाऊन आला. काम मात्र त्याने अर्धवट टाकले नाही. ते पुरे झाल्यावर सेंद्रिय रसायनाचा हा प्रांत सोडला तो सोडलाच. पुढे ज्या माणसाने प्रकाशाच्या बारीक रेघांतून नवी मूलद्रव्ये शोधली, तो एका डोळ्याने पाहत होता, हे मला तरी आधी माहीत नव्हते.

कारखान्यांशी आलेला त्याचा संबंध आम्हा वाणिज्यवाल्यांना विशेष वाटेल. लोखंडाच्या भट्टीच्या तोंडातून जो वायू निघून जातो तो त्याने गोळा करून मोजला, आणि जर्मन भट्ट्यांत कोळशाची निम्म्याहून अधिक उष्णता फुकट जाते असे दाखवले. पुढे इंग्लंडमध्ये प्लेफेअरबरोबर हेच मोजमाप केले, तेव्हा तेथील नुकसान सुमारे ऐंशी टक्के निघाले. इतका मोठा तोटा आणि तो एकाही मालकाच्या वहीत नाही! १८४१ साली त्याने विजेच्या घटात महागड्या प्लॅटिनमऐवजी कोळशाची कांडी वापरली आणि वीज स्वस्त केली. १८४६ साली आइसलँडला जाऊन उकळत्या पाण्याच्या कारंज्यात खोलवर तापमापक सोडले आणि कारंजे का उसळते त्याचा उलगडा केला. हा भाग रंजक आहे, पण आपल्या विषयाचा नाही. असो.

१८५२ साली तो हायडेलबर्ग विद्यापीठात आला आणि मग तेथून हलला नाही. बर्लिनचे बोलावणे आले, तेही त्याने नाकारले. हायडेलबर्ग शहरात तेव्हा नुकताच दिव्यांचा गॅस आला होता. बुन्सेनसाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात होती, तीत तापवण्यासाठी हाच गॅस वापरावा असे त्याच्या मनात होते. परंतु गॅसची ज्योत पिवळी, धुरकट, भांड्याला काजळी धरणारी. बुन्सेनला सुचले ते असे, की जळण्यापूर्वीच नळीत खालच्या भोकांतून हवा घेऊन गॅसमध्ये मिसळावी. विद्यापीठाचा यंत्रकार पेटर देसागा याने ती कल्पना धातूत उतरवली. अशा प्रकारचे प्रयत्न आधीही झाले होते, म्हणून सगळे श्रेय एकाला देऊ नये. पण १८५५ च्या सुमारास हायडेलबर्गला जी शेगडी तयार झाली, तीच जगभर गेली. बुन्सेनने तिचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने करावी आणि विकावी. व्यापारशास्त्राच्या पुस्तकात हे वागणे कोणत्या प्रकरणात बसवावे, मला कळलेले नाही.

या ज्योतीचा खरा गुण केवळ उष्णतेत नव्हता. तिला स्वतःचा रंग जवळजवळ नव्हता. त्यामुळे तिच्यात मीठ धरले की पिवळा, पोटॅशचा क्षार धरला की जांभळा, स्ट्रॉन्शियम धरला की लालभडक रंग स्वच्छ दिसे. रंगावरून धातू ओळखावा ही कल्पना जुनीच होती. अडचण अशी, की सगळीकडे मिठाचा अंश असतोच, आणि त्याचा पिवळा रंग इतका जबरदस्त की बाकीचे रंग त्याखाली बुडून जातात. बुन्सेन निळ्या काचेतून किंवा निळीच्या द्रावणातून ज्योत पाही, म्हणजे पिवळा अडे आणि जांभळा दिसे. ही झाली तात्पुरती सोय.

येथे गुस्टाव किर्खोफ या भौतिकशास्त्रज्ञाचा प्रवेश होतो. त्याच्याशी बुन्सेनची मैत्री ब्रेस्लाऊ येथे जडली होती आणि १८५४ साली तो हायडेलबर्गलाच आला होता. रंग गाळून पाहण्यापेक्षा लोलकातून फाकवून पाहावा असे त्याने सुचवले. सिगारची पेटी, लोलक आणि जुन्या दुर्बिणींचे दोन तुकडे एवढ्या सामानावर पहिला वर्णपटदर्शक उभा राहिला. बुन्सेन सिगारांचा शौकीन होता, तेव्हा पेटीला तोटा नसावा! लोलकातून पाहताच दिसले, की प्रत्येक धातूच्या रेघा आपापल्या ठरलेल्या जागी उमटतात, आणि पिवळ्या रेघेच्या शेजारी दुसऱ्याची रेघ सुखाने नांदते. किती सूक्ष्म अंश कळतो याची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात सोडियमच्या क्षाराचा तीन मिलिग्रॅमचा बार उडवला आणि दूरच्या टोकाला ज्योत पाहत बसले. थोड्याच वेळात पिवळी रेघ उजळली. एका मिलिग्रॅमचा तीस लाखावा भागही ज्योत ओळखते असा त्यांचा हिशेब निघाला. तंबाखूच्या राखेत त्यांना लिथियम सापडले. निपाणीच्या बाजूच्या मित्रांना हे वाचून गंमत वाटेल.

याच दिवसांत, १८५९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर किर्खोफने आणखी एक गोष्ट पाहिली. सूर्याच्या प्रकाशात पिवळ्याच्या जागी एक काळी रेघ असते. तो प्रकाश मिठाच्या ज्योतीतून आणला तर काळी रेघ उजळण्याऐवजी अधिकच काळी होते. मग त्याने सूर्य सोडून चुन्याच्या गोळ्याचा प्रखर दिवा घेतला, त्याचा प्रकाश मिठाच्या ज्योतीतून आणला आणि काळी रेघ प्रयोगशाळेतच तयार केली. अर्थ असा, की जो धातू जो रंग बाहेर टाकतो, तोच रंग तो गिळतोही. सूर्यावर सोडियम आहे हे पृथ्वीवरच्या एका खोलीत बसून कळले. याला आज अणुशोषण म्हणतात, आणि मामांच्या नमुन्यातले कॅल्शियम मोजले गेले ते याच तत्त्वावर.

आता मूळ मुद्दा. १८६० साली बुन्सेन आणि किर्खोफ यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी निरनिराळे क्षार, निरनिराळ्या ज्योती घेऊन पाहिले आणि धातूची रेघ सोबत्यामुळे जागा बदलत नाही असे सांगितले. एवढे वाचून कोणालाही वाटेल, की ज्योतीपुढे काही लपत नाही. पण बुन्सेन प्रामाणिक हिशेबनीस होता. त्याच निबंधात त्याने पुढची नोंदही करून ठेवली. कॅल्शियम क्लोराइडसारखा उडून जाणारा क्षार असेल तर रेघा झळाळून उठतात. पण तेच कॅल्शियम सिलिकेट किंवा फॉस्फेट यांसारख्या, आगीला न हलणाऱ्या आम्लांशी जखडलेले असेल, तर ज्योत मुकी राहते. कॅल्शियम आहे, पण दिसत नाही. अशा वेळी चूर्ण हायड्रोक्लोरिक आम्लाने ओले करावे, म्हणजे काही काळ क्लोराइड बनून कॅल्शियम मोकळे होते आणि रेघा दिसतात. जे सिलिकेट आम्लालाही दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी अमोनियम फ्लोराइडची वेगळी कृती त्याने दिली.

मला हा भाग समजायला वेळ लागला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. कॅल्शियम हे कुळाच्या जमिनीसारखे समजा. जमीन गावात आहे, सर्वांना ठाऊक आहे, पण सावकाराकडे गहाण पडली आहे. उताऱ्यावर कुळाच्या नावापुढे ती येत नाही. जमीन नाहीशी झाली असे नव्हे, ती सोडवली पाहिजे. ज्योतीला फक्त मोकळा, एकटा अणू दिसतो. गहाण पडलेला दिसत नाही.

या निबंधाच्या वर्षीच बुन्सेनला ड्युर्कहाइम येथील खनिज पाण्याच्या वर्णपटात दोन निळ्या रेघा दिसल्या, ज्या कोणत्याच माहीत असलेल्या धातूच्या नव्हत्या. रेघ दिसली म्हणजे मूलद्रव्य आहे, पण हातात घेऊन दाखवले पाहिजे. त्यासाठी सुमारे ४४,००० किलो पाणी आटवले गेले. त्यातून मिळालेला नव्या धातूचा क्षार किती? सात-साडेसात ग्रॅम. आभाळाच्या निळ्या रंगावरून त्याचे नाव सीझियम ठेवले. पुढच्या वर्षी, १८६१ साली, लेपिडोलाइट नावाच्या दगडातून गडद लाल रेघांचे रुबिडियम निघाले. उत्पादनखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर असा व्यवहार कोणी मंजूर करणार नाही. शिवाय त्या वेळी सीझियमचा उपयोगही कोणाला ठाऊक नव्हता. तो कशाला आला ते पुढे येईलच.

त्या वर्णपटाच्या दिवसांची एक आठवण सांगतात. पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या मानहाइम गावी रात्री आग लागली, तेव्हा या दोघांनी हायडेलबर्गच्या खिडकीतून तिच्याकडे वर्णपटदर्शक रोखला आणि जळणाऱ्या मालात बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असल्याचे ओळखले. इतक्या दूरची आग वाचता येते, तर सूर्य का वाचता येऊ नये, हा विचार त्यानंतर त्यांच्या बोलण्यात आला म्हणतात.

बुन्सेनने लग्न केले नाही. प्रयोगशाळा हाच त्याचा संसार. सकाळपासून तो विद्यार्थ्यांच्या टेबलांमधून फिरे, काच फुंकून देई, तापलेली भांडी उघड्या बोटांनी उचली. बोटे इतकी निबर झाली होती, की नवे विद्यार्थी पाहून घाबरत. कपड्यांना कायम आम्लांचा आणि सिगारचा वास. विद्यार्थी मात्र जगभरातून येत. रोस्को, बायर, लोथर मायर त्याच्या हाताखाली शिकून गेले, मेंडेलीव्हही काही काळ हायडेलबर्गला होता. मूलद्रव्यांची कोष्टके लावणारे दोघेही त्याच्या अंगणातून गेले, पण स्वतः बुन्सेनचे मन असल्या मोठ्या सिद्धांतांत फारसे रमले नाही. मोजावे, तपासावे, पुन्हा मोजावे हे त्याचे व्रत. काहींना हा त्याचा उणेपणा वाटतो. मला वाटते, सिद्धांताच्या भरात मुक्या राहणाऱ्या ज्योतीची नोंद करायची राहून गेली असती.

१८७० नंतर तो दुर्मिळ मृदांच्या मागे लागला. ही एकमेकांसारखी दिसणारी, एकमेकांपासून सुटता न सुटणारी मूलद्रव्ये. त्यांच्या वर्णपटांवरचे त्याचे हस्तलिखित पुरे होत आले असता १८७४ साली टेबलावरच जळून राख झाले. पाण्याने भरलेल्या काचपात्रातून ऊन एकवटून कागदांनी पेट घेतला, असे सांगतात. ज्याने जन्मभर ज्योत हाताळली, त्याचे कागद उन्हाने जाळावेत! तेव्हा त्याचे वय त्रेसष्ट. त्याने मोजमापे पुन्हा केली, सगळे पुन्हा लिहिले आणि वर्षभरात प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १८७५ साली, हिलेब्रँड आणि नॉर्टन या त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी त्याच प्रयोगशाळेत विजेच्या साहाय्याने लॅन्थॅनम हा धातू वेगळा केला. लॅन्थॅनमचे अस्तित्व १८३९ पासून माहीत होते, पण धातू म्हणून नीट हाती आला तो येथे. आपल्या गुरूच्या बर्फाच्या उष्णतामापकाने त्यांनी त्याची उष्णताही मोजली.

१८८९ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बुन्सेन निवृत्त झाला. उरलेली वर्षे त्याने भूशास्त्र वाचण्यात आणि हायडेलबर्गच्या टेकड्यांत फिरण्यात घालवली. १६ ऑगस्ट १८९९ रोजी तो वारला.

किर्खोफची काळी रेघ सूर्य-ताऱ्यांच्या अभ्यासकांनी उचलली, पण धातू मोजण्यासाठी तिचा सर्रास वापर व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे अ‍ॅलन वॉल्श या शास्त्रज्ञाला ही कल्पना १९५२ साली सुचली आणि १९५५ साली त्याचा निबंध आला. जो धातू मोजायचा त्याच धातूचा दिवा घ्यायचा, नमुन्याचे द्रावण तुषार करून ज्योतीत सोडायचे आणि दिव्याचा किती प्रकाश गिळला गेला ते मोजायचे. दिव्याचा प्रकाश त्या एकाच धातूचा, त्यामुळे शेजाऱ्याच्या रंगाचा त्रास जवळजवळ संपला. ही रीत कोणत्याही लुडबुडीपासून मुक्त आहे, असेही सुरुवातीला अनेकांना वाटले.

पण बुन्सेनची जुनी नोंद येथे पुन्हा पुढे आली. द्रावणाचा थेंब ज्योतीत गेला की आधी पाणी उडते आणि धुळीहून बारीक घन कण मागे राहतो. द्रावणात फॉस्फेट असेल तर त्या कणात कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना घट्ट धरतात. हवा आणि अ‍ॅसिटिलीनची ज्योत सुमारे २३०० अंशांची. तिच्यातून कण क्षणार्धात पार होतो, आणि तेवढ्या वेळात ही मिठी पूर्ण सुटत नाही. म्हणून कॅल्शियम कमी भरते. अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकेट यांचीही अशीच खोड आहे, आणि मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम यांनाही ती भोवते. रक्ताच्या नमुन्यात फॉस्फेट असतेच. खनिज मिश्रणात तर ते मुद्दाम घातलेले! म्हणजे माल जितका चांगला, तितकी फसण्याची भीती जास्त.

यावर उपाय काय? सोमलाची युक्ती आठवा. फॉस्फेट काढून टाकणे कठीण, तर त्याच्यापुढे असे काही ठेवावे की ते कॅल्शियमला सोडून त्यालाच धरील. लॅन्थॅनमची फॉस्फेटशी गाठ अधिक पक्की बसते. लॅन्थॅनम क्लोराइड भरपूर प्रमाणात, द्रावणाच्या शंभर भागांत साधारण एक भाग किंवा त्याहून कमी, मिसळले की सावकार नव्या कुळाच्या मागे लागतो आणि जुने कूळ सुटते. स्ट्रॉन्शियमही हेच काम करते. मात्र एक पथ्य आहे. ज्या प्रमाण द्रावणांशी तुलना करायची, त्यांतही तेवढेच लॅन्थॅनम घातले पाहिजे, आणि नमुना नसलेले कोरे द्रावणही मोजले पाहिजे, कारण लॅन्थॅनमच्या क्षारातच थोडे कॅल्शियम आलेले असू शकते. जमेच्या बाजूला जी सूट दिली ती नावेच्या बाजूलाही द्यावी लागते, हे आम्हाला सांगायला नको.

दुसरा उपाय सरळ जबरदस्तीचा. १९६५ साली वॉल्शचा सहकारी जॉन विलिस याने हवेऐवजी नायट्रस ऑक्साइड वापरून २७०० अंशांच्याही वर तापणारी ज्योत आणली. तिच्यापुढे फॉस्फेटची मिठी टिकत नाही. पण एवढ्या उष्णतेत नवेच दुखणे निघते. कॅल्शियमच्या काही अणूंचा एक इलेक्ट्रॉन गळून पडतो, आणि असा अणू दिव्याचा तो प्रकाश गिळत नाही. पुन्हा मोजमाप कमी! मग द्रावणात असा धातू घालतात, जो स्वतःचे इलेक्ट्रॉन अगदी सहज सोडून ज्योत त्यांनी भरून टाकतो, म्हणजे कॅल्शियमला आपला इलेक्ट्रॉन गमवावा लागत नाही. पोटॅशियम चालते. त्याहून सहज सोडणारा धातू म्हणजे सीझियम, त्या ४४,००० किलो पाण्यातले.

मित्राने मला त्यांच्या विभागातल्या कपाटातली एक बाटली दाखवली. तीत सीझियम क्लोराइड आणि लॅन्थॅनम क्लोराइड एकत्र विरघळवलेले होते, दोन्ही दुखण्यांवर एकच औषध. द्रावण पाण्यासारखे नितळ. एक धातू बुन्सेनने शोधलेला, दुसरा त्याच्या प्रयोगशाळेत वेगळा झालेला. बाटलीवरच्या चिठ्ठीत त्याचे नाव अर्थातच नव्हते.

मामांच्या पत्रावरून पहिल्या ठिकाणी नमुना पुन्हा तपासला गेला, या वेळी लॅन्थॅनम घालून. आकडा दुसऱ्या अहवालाशी जुळला. परतीची नोंद मीच लिहिली होती, तेव्हा ती उलटवण्याची नोंदही मामांनी माझ्याकडूनच करून घेतली. बारा पोती परत आली, बिल चुकते झाले. व्यापारी धनादेश घ्यायला आला, तेव्हा मी त्याला बुन्सेनची गोष्ट सांगायला लागलो. त्याने थोडी ऐकली, चहा घेतला, आणि तपासणीची फी दोनदा भरावी लागली ती कोणाच्या खाती घालायची तेवढे मात्र विचारले.